केसवाला की टोपीवाला

अहो, तो एकच माणूस होता.

परवापासून हे सांगायला मी माणूस शोधते आहे, आणि ज्यांना सांगायचं ते तुम्ही भिंतीवर हार घालून गप्प बसला आहात. आपला केसवाला आणि आपला टोपीवाला, दोघं एकच. इतकी वर्षं आपण नवरा-बायको एकाच माणसाला दोन बाजूंनी ओढत बसलो. हसा आता. मीही हसले, घरी आलेल्या परदेशी साहेबासमोरच, आणि मग हसता हसता जे व्हायचं ते झालं.

आज रविवार. दुपारी भाऊजी तुमच्या पारोळ्याहून टेम्पो घेऊन मला न्यायला येणार आहेत. तुमचं तेरावं झालं त्याच दिवशी सगळं ठरलं, मला न विचारता, माझ्याच समोर बसून. कंपनीचं क्वार्टर महिनाअखेर सोडायचं आहे. मेंटेनन्सचे साहेब म्हणालेत की पॅकिंगमध्ये बायका घेतात, धागा गुंडाळलेले कोन तपासायला. यायचं असेल तर उद्या फर्स्ट शिफ्टला या, नाहीतर जागा दुसरीला जाईल. म्हणजे दुपारपर्यंत मला ठरवायचं आहे. भांडी बांधून ठेवली आहेत. ती टेम्पोत चढणार की इथल्याच आमलीतल्या कुठल्याशा खोलीत जाणार, हे माझं मलाच माहीत नाही. आणि अशा वेळी मी करते काय, तर तुमच्याशी हॉकीवरून भांडते आहे.

तिसऱ्या कोणाच्या कानी हे पडलं तर त्याला वाटेल, बाई भ्रमिष्ट झाली. म्हणून पहिल्यापासून सांगते. तुम्हाला माहीत असलेलंच आहे, पण एक गोष्ट दोनदा ऐकायची तुम्हाला सवय होतीच. पहिल्यांदा तुमचं लक्ष नसायचं.

लग्न होऊन मी नाशिकहून सिल्वासात आले तेव्हा कंपनीत धाग्याला पीळ देणाऱ्या नव्या मशिनी बसत होत्या, आणि त्या बसवायला परदेशातून एक उंच, लाल नाकाचा साहेब आला होता. गेस्ट हाऊसच्या तिखटानं त्याचं पोट बिघडलं. तुम्ही घरी येऊन म्हणालात, “अगं, जरा मऊ भात टाक ना त्याच्यासाठी. हा झोपला तर मशीन कोण उभं करणार?” मी मऊ भात, तूप आणि आईनं दिलेलं मेतकूट असा डबा धाडला. तो इतका खूश झाला की बरा झाल्यावरही डबा मागवायचा. जाताना त्यानं स्वतःचा व्हीसीआर आणि थोड्या कॅसेटी तुमच्या हवाली केल्या. माझ्यासमोर येऊन वाकून नमस्कार केला, आणि मेतकुटाची बाटली खिशात घालून गेला.

व्हीसीआर आला म्हणून कॉलनीतल्या बायका पिक्चर बघायला जमल्या. कॅसेट लावली तर काय, बर्फावर पायांना पाती बांधलेले धटिंगण काठ्या घेऊन एकमेकांना भिंतीवर आपटत होते. शेजारच्या कोकिळाबेन दोन मिनिटं बसल्या आणि म्हणाल्या, “आ शुं छे, बेन?” मग पदर सावरून उठल्या. त्यांच्या मागोमाग सगळ्या. बाहेर मे महिना पेटला होता, आपला पंखा गरम हवा ढकलत होता, आणि तुम्ही बनियनवर बसून बर्फाकडे टक लावून बघत होतात.

मला कुठे त्या बर्फावरच्या हॉकीचं कौतुक होतं. पण जाणार कुठे? कॉलनीला भिंत, भिंतीला गेट, गेटवर वॉचमन. तुम्ही शिफ्टमध्ये, मी खोलीत. तुमची नाइट असली की दिवसा तुमची झोप मोडू नये म्हणून मी भांडंसुद्धा आपटायचं नाही. आमलीच्या बाजारात जावं तर भाजीवाली गुजराती बोलायची, दुकानदार हिंदी, आणि मराठी बोलणारं कोणी भेटलंच तर तेही माझ्यासारखंच कुठून तरी येऊन अडकलेलं. मूलही झालं नाही. आधी मी रडले, मग भांडले, मग हॉकी बघायला लागले.

आणि बघताना मला तो दिसला. तुम्हाला दुसरा दिसला होता.

टीव्ही आपला काळा-पांढरा, कॅसेट कशावरून तरी उतरवून घेतलेली, कॉमेंट्रीतलं एक अक्षर कळायचं नाही. नावं कोणाची माहीत असणार? तुमचा तो गडद शर्टातला, डोक्यावर काही नाही, लांब केस उडताहेत. आपल्या गोलपाशी ती काळी चकती काठीवर घ्यायचा आणि थेट निघायचा, एकाला इकडून, दुसऱ्याला तिकडून चकवत, समोरच्या गोलपर्यंत. काम बचावाचं, आणि गोल मारून परत. “भारी शे ना,” तुम्ही म्हणायचात. एरवी माझ्याशी शुद्ध बोलायचात, आनंद झाला की पारोळ्याचे व्हायचात. त्याचं नाव आपण केसवाला ठेवलं.

माझा फिकट शर्टातला, डोक्यावर टोपी. हेल्मेटच ते, पण मी टोपी म्हणायची. दुसऱ्या कॅसेटवर होता. तो धावायचाच नाही. आपल्या गोलसमोर असा उभा राहायचा की समोरून सुसाट आलेला माणूस आपसूक कोपऱ्याकडे वळायचा. तिथे तो हळूच काठी आडवी घालायचा, झालं. कोणाला आपटणं नाही, आरडाओरड नाही. तुम्ही म्हणायचात, “हा काय खेळतोय? नुसता उभा आहे.” मी म्हणायची, “उभा आहे म्हणूनच गोल होत नाहीये.”

दोघांत मोठा कोण, यावरून सुरू झालं ते थांबलंच नाही. तुम्ही मशीनवाले, त्यामुळे तुमचे नियम. माणूस मोजायचा तर त्याच्या ऐन भरात मोजायचा, म्हणालात. म्हातारपणीचा खेळ धरायचा नाही, सुरुवातीचा धरायचा नाही. मशीन पूर्ण वेगात असताना धागा कसा निघतो ते बघतात, बंद पडताना नाही. म्हणून दोघांची एक-एक कॅसेट निवडली, त्यांच्या सगळ्यांत चांगल्या खेळाची, आणि एकापाठोपाठ एक लावायची असं ठरलं. मी समोर गवार मोडत बसायची. तुम्ही बोटानं मागे-पुढे करून केसवाल्याचा तो एक गोल इतक्या वेळा दाखवलात की कॅसेट तिथे घासली आणि गोलच्या वेळी पडद्यावर नुसत्या रेघा यायला लागल्या. तरी तुम्हाला त्या रेघांत गोल दिसायचा.

मी विचारायची, “पुढे जाणाऱ्याचा भर दिसतो हो. मागे थांबणाऱ्याचा कसा दिसणार? तो भरात असला की काहीच होत नाही. काहीच झालं नाही हे कसं मोजणार तुमच्या नियमात?”

तुम्ही डोकं खाजवायचात. एकदा म्हणालात, “वेगळ्या जाडीचा धागा काढणाऱ्या दोन मशिनी आहेत या. तुलना करायची म्हणजे अवघडच.” मला वाटलं, जिंकले. तेवढ्यात म्हणालात, “पण केसवाला तुझ्या टोपीवाल्यासारखं मागे थांबू शकतो. टोपीवाल्याला पुढे जायला सांग बरं.”

“आणि तो पुढे गेल्यावर मागे कोण?” मी विचारायची.

“परत येतो ना तो. बघ की, कसा येतो.”

“रोज येईल का?”

इथे तुम्ही कॅसेट पुन्हा मागे न्यायचात आणि मी गवार मोडायला लागायची. कारण हे हॉकीचं राहिलेलं नसायचं.

तुम्हीही केसवालेच होतात. साहेब गेल्यावर त्या मशिनी तुमच्याइतक्या कोणालाच कळायच्या नाहीत. अथालपासून किलवणीपर्यंत कुठल्याही कंपनीत तसलं मशीन अडलं की जीप आपल्या दारात. हात न पुसता उठायचात. मला राग यायचा, आणि खरं सांगू, तुम्ही जीपमध्ये बसताना अभिमानही वाटायचा. मग नाशिकच्या सातपूरहून ते बोलावणं आलं. चांगली कंपनी, माझं माहेर हाकेच्या अंतरावर. मी मनातल्या मनात पडदेसुद्धा शिवले होते. आणि तुम्ही नाही म्हणून कळवून मोकळे झालात. विचारलं तर म्हणालात, “अगं, इथे मी आहे तसा तिथे नसेन. तिथल्या मशिनी वेगळ्या. माझी ही चार वर्षं भराची आहेत, ती मला इथे काढू दे. मग जाऊ.”

चार वर्षांवर आणखी चार गेली. रंगीत टीव्ही आले, कॉलनीत डिश आली, आणि तुमचं “पुढच्या वर्षी नक्की” काही संपलं नाही. तेव्हा म्हटलं नाही ते आज म्हणते. तुमचा ऐन भर म्हणजे माझा कोंडवाडा होता. मागे गोल सांभाळत कोण उभं होतं, याचा हिशेब तुमच्या नियमात बसत नव्हता. मी टोपीवाल्याची बाजू घेऊन इतकी का भांडते, हे तुम्हाला कळत होतं का हो? मला वाटतं, कळत होतं. म्हणूनच तुम्ही कधी कॅसेट बंद करून उठला नाहीत.

शेवटच्या दिवशीही तेच. निघताना तुम्ही दारात बूट घालत म्हणालात, “रविवारी पुन्हा लावू दोन्ही कॅसेटी. यावेळी तुझ्या नियमानं बघू. काय होत नाही ते बघू.” इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा नियम. मी आतूनच “बघू बघू” म्हटलं. हात पिठाचे होते, बाहेर आले नाही. दुपारी कंपनीतून माणूस आला आणि मी वापीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तुम्ही गेला होतात. छातीत कळ आली तेव्हा मशीन चालू करून दिलं होतंत म्हणे. तिथे जमलेले कंपनीतले सगळे मला हेच सांगत होते, मशीन चालू झालं बरं का वहिनी. जसं काही मी ते विचारायला आले होते.

आता परवाचं. तुमचा तो लाल नाकाचा साहेब परत आला आहे, नवीन लाइन बसवायला. नाक तेवढं राहिलंय, बाकी पार वाळलाय. गेटवर त्यानं तुमचं नाव विचारलं तेव्हा त्याला कळलं. मेंटेनन्सच्या साहेबांना घेऊन घरी आला आणि आपल्या स्टुलावर बसला. मी चहा दिला. मग त्याचं लक्ष टीव्हीखालच्या कॅसेटींकडे गेलं.

मला काय वाटलं कोण जाणे. माणूस गेल्यावर बाईनं काय विचारावं याची काही रीत असते. पण मी मेंटेनन्सच्या साहेबांना म्हटलं, “यांना एक विचारा. आमचं भांडण राहिलंय. दोघांत मोठा कोण?” आणि दोन्ही कॅसेटी लावून दाखवल्या, तुमचा आधी, मग माझा.

तो पडद्याशी वाकला. पुन्हा पहिली लावायला सांगितली. मग माझ्याकडे बघून काहीतरी बोलला. मेंटेनन्सच्या साहेबांनी त्याला दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मला म्हणाले, “वहिनी, हे म्हणतात हा एकच माणूस आहे.”

गडद शर्टातला त्याच्या गावच्या टीममधला, तरुणपणीचा. मग गुडघा मोडला. साहेबानं स्वतःच्या गुडघ्यावर चापट मारून दाखवली. सगळे म्हणाले, संपला. बऱ्याच वर्षांनी तो परत आला तो देशाच्या टीममध्ये, शर्ट वेगळा, पाठीवरचा आकडा वेगळा. तोवर डोक्यावर हेल्मेट घालायचा नियमही झाला होता. पूर्वीसारखं पुढे जाणं शक्यच नव्हतं, म्हणून मागे थांबून खेळायला शिकला.

मी विचारलं, “मग त्याचा ऐन भर कोणता धरायचा?” यावर साहेब बराच वेळ बोलला. मेंटेनन्सच्या साहेबांनी एवढंच सांगितलं, “त्यांच्याकडेही यावरूनच भांडतात म्हणे. घराघरांत.”

म्हणजे बघा, तुमचा नियम गेला आणि माझाही. मी तुम्हाला किती वेळा ऐकवलं होतं, बघा, याला पुढे जायचा मोह नाही. मोह नव्हता कुठला, गुडघा नव्हता. माझा टोपीवाला हौसेनं थांबलेला नव्हता हो. अडकला होता. जिथे अडकला तिथेच उभं कसं राहायचं, एवढं त्यानं शिकून घेतलं, आणि मी इथे गवार मोडत त्याला शहाणा म्हणत होते. मला हसू आलं, आणि मग रडू आलं ते आवरेना. तेराव्यापर्यंत लोकांसमोर रडले त्यापेक्षा परवा जास्त रडले. साहेब घाबरून उठून उभा राहिला.

रडले कशासाठी ते सांगते. तुमचा केसवाला पुढे माझा टोपीवाला झाला. तुम्हालाही कधीतरी गुडघे दुखले असते, जीप यायची बंद झाली असती, आणि तुम्ही घरात माझ्याशेजारी बसला असतात. ती वर्षं माझ्या वाट्याची होती. मी त्यांच्यासाठी थांबले होते. तुम्ही भरातच निघून गेलात, परत आला नाहीत.

टेम्पोचा आवाज आला. उठते.

गेला टेम्पो. आता पुढचं सांगते.

भाऊजी घामाघूम होऊन आले. पाणी प्यायले, तुमच्या फोटोला हात जोडले, आणि बांधलेली भांडी बघून म्हणाले, “चला वहिनी, ऊन उतरायच्या आत निघू. आई वाट बघतेय. तिला आता उठवत नाही, बसवत नाही.” त्यात त्यांचं काही वाईट नव्हतं. पण मला स्पष्ट दिसलं. सासूबाईंची खाट, तिच्याशेजारी माझी चटई, आणि एक भिंत, जिच्या पलीकडे माझं म्हणून काही नाही. तिथे मला गोलही सांभाळायला मिळणार नव्हता, नुसतं उभं राहायचं होतं.

मी म्हटलं, “भाऊजी, मी येत नाही.”

त्यांना वाटलं, मला आणखी थोडे दिवस हवे आहेत. “तसं नाही,” मी म्हटलं, “मी इथेच राहते. उद्यापासून कंपनीत जाणार आहे. आईंना बघायला दिवाळीत येईन, चार दिवस राहीन, करीन सगळं. पण राहायला येत नाही.”

“लोक काय म्हणतील वहिनी? भाऊ गेला आणि वहिनीला परक्या मुलखात टाकून दिली?”

“परका मुलूख कसला? माझं रेशनकार्ड इथलं आहे. भाजीवालीशी मी गुजरातीत भांडते. वापीची एसटी कुठे थांबते आणि कुठे नुसती थांबल्यासारखं करते, तेसुद्धा मला माहीत आहे. पारोळ्यात मला काय माहीत आहे?”

ते रागावतील असं वाटलं होतं. ते मोरीपाशी जाऊन तोंड धुवायला लागले आणि धूतच राहिले. मग तिथूनच म्हणाले, “मन्हा भाऊ गया. आते घरमा कोन शे?” त्यांचा आवाज तुमच्यासारखाच आहे, हे मला आधी कधी जाणवलं नव्हतं. त्या क्षणी मी “थांबा, येते” म्हणणारच होते. ओठांवर आलं होतं. मी पदराचा बोळा तोंडात धरला.

रिकामा टेम्पो गावात कसा न्यायचा याची त्यांना लाज वाटत होती. मग मी आपलं लाकडी कपाट दिलं, आणि पाटा-वरवंटा. कोकिळाबेनच्या घरून दोन जण आले चढवायला. कोकिळाबेनच्या दिरानंच आमलीत खोली बघून ठेवली आहे, एका खिडकीची. संध्याकाळी भांडी तिकडे नेईन.

तेव्हा झालं असं. लग्न झाल्यापासून मी म्हणत होते, निघू या इथून, आणि तुम्ही म्हणत होतात, थांबू या. आज दार उघडं होतं, गाडी दारात होती, कोणी अडवत नव्हतं, आणि मी थांबले. सुटले म्हणावं तर तसं काही वाटत नाही. कंपनीची तीच भिंत, शिफ्टचा तोच भोंगा, फक्त उद्यापासून तो माझ्यासाठी वाजणार. भीती वाटते आहे हो मला. खूप वाटते आहे.

तुम्ही असतात तर दारात बूट काढता काढताच म्हणाला असतात, “बघ, शेवटी माझंच खरं झालं ना?” आणि मी आठवडाभर तुमच्याशी बोलले नसते.

म्हणा ना. एकदा म्हणा. आज मी उलट बोलणार नाही.